नमुना क्रमांक चार

भरमा मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले,
"काय नमुना हाय रे हे,
क्लॅरोनेट धरलंय का लाटणं?"
वडगावात त्यांच्या खोलीमागं
सहा पावरलूम, दिवसरात्र खटाखट.
मी म्हटलं, इथं ऐकू तरी काय येणार?
"ते माग थांबले की सांग.
तोवर त्यांच्यातनं ऐकायला शीक.
वरातीत तुला कोण शांतता आणून देणार हाय?"

शिकवलं ते सगळं सुरांचं नव्हतं.
ओठ फाटला तर तूप, खोबरेल नव्हे.
मांडवात शिरायच्या आधी जेवून घ्यायचं,
नंतर वाढपी बँडवाल्याला ओळखत नाही.
निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय
पत्तीला थुंकी लावायची नाही.
आणि पोरगी सासरी निघताना
वाजवणाऱ्यानं रडायचं नाही. श्वास मोडतो.

मग डॉल्बी आली.
अनगोळच्या एका लग्नात आम्ही अठरा जण
भिंतीएवढ्या खोक्यांपुढं लाल कोटात उभे,
गाल फुगलेले, आवाज नाही.
त्या रात्री मास्तरांनी कोट ट्रंकेत घातला,
दोन डांबरगोळ्या टाकल्या वर,
म्हणाले, "तू जा.
त्या खोक्यात जे शिरतंय
ते कुठनं शिरतंय, बघून ये."

गेलो. हुबळी, मग पुणे.
केबली गुंडाळल्या तीन वर्षं.
आता टिळकवाडीत माझी खोली,
दोन स्पीकर, एक संगणक, भिंतीला अंड्यांचे ट्रे.
मराठी मालिकांना पार्श्वसंगीत देतो, कानडी जाहिरातींनाही,
कुणाला उद्या पाहिजे असतं,
कुणाला कालच पाहिजे होतं.

परवा फोन आला, वरातीचं क्लॅरोनेट पाहिजे.
माणूस नको, माणसाला वेळ लागतो.
विकतच्या संग्रहात शोधलं.
नमुना एक, दोन, तीन, सगळे गुळगुळीत.
चार लावला
आणि कोमल गंधारावर चढायच्या आधी
तो अर्धा श्वास, चोरून घेतलेला,
पडलेल्या दाढेच्या फटीतनं.
मागं, अगदी बारीक,
खट्. खट्. खट्.

वडगावात आता दोनच माग उरलेत.
मास्तर मोतीबिंदूच्या काळ्या चष्म्यात.
हेडफोन त्यांच्या कानावर मीच बसवला.
"व्हय, आले होते दोघं. माइक खिडकीला बांधला.
अडीच हजार दिले. चहा आमचाच."
सही केलात?
"केलो की. कागद ना कानडी, ना मराठी.
माझं नाव घातलंय काय कुठं?"

नव्हतं घातलं.
मी वकील, नोटीस, टक्केवारी, असलं काहीतरी बोलत राहिलो.
ते दोन्ही हातांनी हेडफोन दाबून.
"तिसऱ्या फेरीला निषाद उतरलाय माझा.
हे असंच सगळीकडं वाजूलंय?"
हो.
"मग बसून काय करुलास? माइक लाव.
नीट करून देतो.
आणि आधी निम्मे पैसे."

दुपार गेली त्यात.
हिरड्यांनी धरलेला सूर, दर ओळीला खोकला.
चौथ्या खेपेला निषाद जागेवर आला,
तेव्हा उजेड गेला होता.
निर्मात्यानं तोवर नमुना चारच लावून टाकला होता,
भाग सातच्या ठोक्याला गेलासुद्धा.
नवा निषाद माझ्याकडं आहे,
फाइलला नाव दिलंय, भरमा परशराम लोहार, वडगाव.
अजून कुणी मागितलेला नाही.

शनिवारी येळ्ळूरहून तृप्ती येते शिकायला.
सायकल लावते, कानात आधीच काहीतरी चालू असतं.
तिला ती फाइल दिली, म्हटलं, ऐक.
तिनं ऐकलं, पडद्यावर बोट ठेवलं,
"सर, मागचा तो खटखट आवाज
साफ करू?"

मी म्हटलं,
थांबला की सांग.